टेलरबाई आणि मागची टेकडी

गल्लीतल्या बायकांची मापं टेलरबाईंना तोंडपाठ होती. कुणाची कंबर सुटली, कुणाचा खांदा उतरला, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. स्वतःच्या अंगाला मात्र त्यांनी कित्येक वर्षांत टेप लावली नव्हती. खाली दुकान, वर घर. दिवसभर मशीनवर बसायचं आणि संध्याकाळी कठडा धरून, मध्येच थांबून, जिना चढायचा. जिनाच उंच बांधलाय, असं त्या सगळ्यांना सांगत.

एका दुपारी माप घेताना हातातला खडू निसटून टेबलाखाली गेला. टेलरबाई वाकल्या, खडू सापडला, पण उठता येईना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. गिऱ्हाईक बाईनं हाताला धरून उठवलं, पाणी पाजलं आणि म्हणाली, "टेलरबाई, आता तुम्हालाच उसवून नव्याने शिवायला हवं हो!" टेलरबाई हसल्या खऱ्या, पण दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी रक्तदाब तपासला. "गोळी देतो. पण खरं औषध तुमच्या पायांत आहे. चाला."

टेलरबाईंनी चालायचे बूट आणले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात; या बुटांचा पहिला दिवसही उजाडला नाही. खोक्यात होते, खोक्यातच राहिले.

त्याच सुमारास त्यांची थोरली नणंद कायमची राहायला आली. उन्हातान्हात घरोघरी विजेचे मीटर तपासण्यात तिचा जन्म गेला होता. नोकरी संपली, एकटीच होती, म्हणून भावानं बोलावून घेतलं. नणंद-भावजयीत वाकडं काही नव्हतं, पण सख्यही नव्हतं. नणंद कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या माणसाची टेलरबाईंना धास्ती वाटायची. हिच्या मनात आपल्याबद्दल काय काय साठलंय, कोण जाणे!

एके दिवशी सकाळी नणंदेनं ते बूट खोक्यातून काढून दारात ठेवले. "चल."

"अहो ताई, मला कुठं जमणार? आज केवढं काम पडलंय!"

नणंद नुसती उभी राहिली. असं उभं राहिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते टेलरबाईंना सुचेना. त्यांनी बूट चढवले.

गावामागच्या टेकडीवर अर्ध्यापर्यंत डांबरी रस्ता होता, पुढं पायवाट. रस्त्याच्या पहिल्याच वळणावर टेलरबाई मटकन कठड्यावर बसल्या. जीव मेटाकुटीला आला होता. आता ही बोलणार, या भीतीनं त्यांनी मान वर केली नाही. नणंद शेजारी बसली, त्यांची धाप खाली बसेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "झालं आजचं. चल घरी."

दुसऱ्या दिवशी पायांत गोळे आले होते, तरी त्या गेल्या. मग जातच राहिल्या, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटायचं. एकदा कठड्यावर बसल्या असताना कारण लक्षात आलं. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत जो तो एकच विचारायचा, "माझं झालं का?" इथं कुणी तसं विचारत नव्हतं. वारा होता, खाली कुत्री भुंकत होती आणि शेजारी न बोलणारी नणंद होती. तेवढ्यासाठी त्या चढू लागल्या. वळण मागं पडलं, मग पुढचं वळण, मग डांबर जिथं संपतं तिथपर्यंत मजल गेली. तिथून मात्र वरचं उंच पिवळं गवत बघून त्या मागं फिरायच्या.

एका सकाळी निघताना नणंद दारात बूट बांधत होती. टेलरबाईंची नजर सवयीनं कापडावर गेली. पायजम्याच्या काठात कुसळं अडकली होती. काठ दवानं ओला होता.

"ताई, ही कुसळं कुठली?"

"कुठली म्हणजे? गवतातली."

"पण आपण तर अजून निघालोच नाही. आणि रोज डांबरावरूनच परत येतो."

बिंग फुटलं म्हणताना नणंद ओशाळली. "उजाडता उजाडता एकदा वर जाऊन येते मी. माझे पाय ऐकत नाहीत गं. मग तुझ्याबरोबर येते."

"रोज दोनदा? मग मला एकदा तरी म्हणायचं होतं, चल अजून चार पावलं!"

"म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आली असतीस?"

टेलरबाई नसत्याच आल्या.

"लोकांच्या दारांत जन्म गेला माझा," नणंद म्हणाली. "दार ठोठावत बसलं की माणूस वैतागतो. जरा थांबलं की आपण होऊन उघडतो."

एवढं बोलताना टेलरबाईंनी तिला कधी ऐकलं नव्हतं. हिच्या गप्प राहण्याचा आपण काय अर्थ लावला आणि तो काय निघाला! त्या दिवशी डांबर संपलं तरी त्या थांबल्या नाहीत. पायवाट खडी होती. पोटऱ्या थरथरायला लागल्या, गुडघ्यावर हात ठेवून त्या दम खायला थांबल्या, तेव्हा मागून नणंदेनं विचारलं, "फिरायचं मागं?"

"नाही. उद्यापासून तुमचं एका फेरीतच भागवायचं."

नणंदेला हसू आलं. मग दोघी हसतच सुटल्या आणि त्या हसण्यानंच टेलरबाईंना जास्त दम लागला. पण पोचल्या. वर सपाट कातळ होता, कान बधिर करणारा वारा होता. खाली गाव पसरलं होतं. टेलरबाईंनी आपलं छप्पर शोधलं, पण त्या दाटीत ते काही ओळखू येईना. ज्या खोलीत आयुष्य गेलं, ती इथून ठिपक्याएवढीही दिसत नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू हो?"

"उपकार कसले डोंबलाचे!" नणंद म्हणाली. मग जराशानं, गावाकडं बघतच पुढं बोलली, "भावाच्या घरी आले तेव्हा पाहुण्यासारखं वाटायचं. वाटीसुद्धा विचारून घ्यायची मी. तू रोज सकाळी बरोबर यायला लागलीस आणि कधीतरी मला ते घर वाटायला लागलं. कधी, ते माझं मलाही नाही कळलं."

टेलरबाईंनी तिचा हात धरला.

पुढं डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. कंबर फारशी घटली नाही. तसं कुणी म्हटलं की टेलरबाई हसून सोडून देतात. दुकान आता थोडं उशिरा उघडतं आणि गिऱ्हाइकं कुरकुर करत का होईना, थांबतात. "हे सगळं आमच्या ताईंमुळं," त्या येईल त्याला सांगतात. टेकडी उतरताना नणंद आता अखंड बोलत असते. मीटर बघायला गेल्यावर कुठल्या घरात काय पाहिलं, कोण कसं भांडलं, कुणी आग्रह करून जेवायला बसवलं. टेलरबाई ऐकत असतात. घराचं दार दिसायला लागलं की त्यांची पावलं आपोआप मंदावतात. गोष्ट अजून संपलेली नसते.