एका टँकरचा अधिकार

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि त्यातच दुष्काळ पडला. आमच्या कचेरीत पाणीटंचाईच्या तक्रारींचा फोन शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे होता. पलीकडून कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला की त्या डोक्यावर पदर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हाव मामा, साहेबाला सांगते." शिव्या निमूट ऐकायच्या आणि दुपारी पोटभर जेवायच्या.

मग पुण्याहून एक तज्ज्ञ कामाच्या ताणावर बोलायला आले. काम फार आणि हातात अधिकार नाही, तिथं ताण सगळ्यात जास्त, असं त्यांनी फळ्यावर समजावलं. साहेबांना ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक टँकर बाईंच्या अधिकारात दिला.

तेव्हापासून बाईंचा डबा भरलेलाच घरी जाऊ लागला. एकदा देवणीकडच्या दोन गावांनी एकाच सकाळी टँकर मागितला. बाईंनी एका गावाला पाठवला. संध्याकाळी दुसऱ्या गावचा फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "तिथल्या मामानं शिव्या दिल्या न्हाईत. 'असू दे माय, तुझा बी इलाज न्हाई,' म्हणाला. पण इलाज तर हाय ना आता माझ्याकडं!"

त्या तशाच साहेबांकडे गेल्या. "साहेब, टँकर माघारी घ्या."

"बाई, तज्ज्ञांनी तर उलटं सांगितलंय."

"त्यांच्याकडं दोन टँकर असतील."

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच खुर्ची घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. त्या दिवशीही दोन गावांची मागणी होती; दोघांनी वाद घालून एक गाव ठरवलं. मग बाईंनी राहिलेल्या गावाला आपणहून फोन लावला.

"मामा, आज टँकर येत न्हाई. म्या अन् साहेबानं ठरवलंय. शिव्या द्यायच्या तर आत्ताच द्या, दोघं बी ऐकायलोत."

साहेबांनी खुर्ची थोडी फोनकडं सरकवली.