झेंड्याखालचं चाक

आमच्या घरात अजून कुणी काही लिहिलेलं नाही. पहिला लिहायला बसलो तो मी, आणि तेही गाडीच्या चाकांबद्दल. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मी इंजिनिअर नाही. नागपूरला बी.ए. करतो, विषय राज्यशास्त्र. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला असल्यामुळे, आपल्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळलंच पाहिजे, असं उगाच एक ओझं डोक्यावर असतं. त्या ओझ्याखाली मी जे केलं ते सांगतो.

बाबांची एक जुनी, जडशी पिकअप आहे. पवनी तालुक्यातल्या आमच्या गावातून धानाची पोती मिलवर न्यायची, बाजाराच्या दिवशी अड्याळला भाजी पोचवायची आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की बायांना शेतातल्या बांध्यांवर सोडायचं, ही तिची कामं. तिच्या चाकांच्या रिमा जुन्या पद्धतीच्या होत्या. म्हणजे रिम अखंड नसते. टायर चढवला की कडेला एक लोखंडी रिंग ठोकून बसवतात आणि ती रिंग टायरला धरून ठेवते. ती गंजलेली असली किंवा नीट बसली नसली, तर हवा भरताना निसटते, आणि समोर कोण बसलंय याचा विचार करत नाही.

हे सगळं मला त्या गाडीत लहानाचा मोठा होऊनही माहीत नव्हतं. होस्टेलवर एकाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. चाकासमोर एक पुतळा बसवला होता. रिंग सुटली आणि पुतळा मानेपासून वर उरला नाही. बाकीची पोरं हसली. मला मात्र बाबा दिसले. कारण हवा भरताना बाबा चाकाला चिकटून उकिडवे बसतात, रिंगेवर पान्ह्याने टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. रिंग बसली की नाही, ते आवाजावरून कळतं म्हणे.

चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी चार दिवस आधीच घरी गेलो आणि अंगणात काडीने रिमेची आकृती काढून बाबांना समजावू लागलो. कोंबडी आकृतीवरून चालत गेली. बाबांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता सगळं ऐकून घेतलं.

"काहून रे, राज्यशास्त्रात चाकं शिकवून राहिले का आता?"

"बाबा, माणूस मरतो याने."

"माह्या लग्नाची वरात याच चाकायवर आली. मेलो का मी?"

"थे तुमी मले विचारा," आई चुलीजवळून म्हणाली. "आन पोरगं एवढं म्हणते तं बदलून टाका ना."

आई बोलल्यामुळे काम झालं. माझ्या आकृतीचा त्यात काही वाटा नव्हता. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून अखंड रिमा शोधल्या. पुढची दोन चाकं आणि मागची दोन्हीकडची जोडचाकं, अशा सहा. बोल्टची भोकं मी स्वतः मोजली, पुन्हा मोजली. माझ्या काटेकोरपणावर मी फार खूश होतो.

अड्याळच्या टायरवाल्या चाचांकडे गाडी लावली. पहिलं चाक मीच खोलणार म्हणून हट्ट धरला. आधी जॅक लावून गाडी उचलली आणि मग नट सैल करायला गेलो. पान्हा फिरवला की चाकच फिरे. मी जोर लावला, चाक आणखी जोरात फिरलं.

"चालू दे बाबू," चाचा म्हणाले. "असाच फिरवत राह्यला तं संध्याकाळपर्यंत पवनीले पोचशीन."

नंतर खाली काढून ठेवलेल्या चाकातली हवा सोडायची वेळ आली, तेव्हा चहाच्या टपरीवरचे लोक बघायला जमले. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी दोन्ही हात पसरून, भाषणस्पर्धेत बोलतो तशा मराठीत म्हणालो, "कृपया सर्वांनी सुरक्षित अंतर राखावे!"

मग सगळी टपरी हसली. बाबा तर खाली बसून हसले.

त्या दिवसापासून ते वाक्य बाबांचं झालं. आई कुकरचं झाकण काढायला गेली की बाबा हात पसरून म्हणत, "कृपया सर्वांनी सुरक्षित अंतर राखावे!" म्हशीने शेपूट हलवली तरी तेच. गावातली पोरं मला रस्त्यात बघून बाजूला सरकू लागली. मी हसल्यासारखं करायचो. पण रिमा बदलल्या होत्या आणि जुन्या मी गॅसने कापून घेतल्या होत्या, कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. आता बाबांनी हवा तेवढा कान लावावा.

जयंतीला विहारासमोर माझं भाषणही झालं. विषय होता विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन. मी झेंड्याच्या बांबूला हात टेकून बोललो, आणि टाळ्याही बऱ्यापैकी पडल्या. मग परीक्षेसाठी नागपूरला परत आलो.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. विहारासमोर सिमेंट आहे, खड्डा खणता येत नाही. म्हणून मोठा निळा झेंडा उभा करायला दरवर्षी जयंतीच्या आठवडाभर आधीच आमच्याच गाडीची स्टेपनी नेतात. ती आडवी टाकायची, मधल्या भोकात बांबू, बाजूने विटांचे तुकडे ठासायचे, वरून पांढरं कापड. बुद्धपौर्णिमा झाली की ती परत गाडीत येते. मी लहानपणापासून हे बघत आलो आहे. दोनदा तर मीच ती ढकलत नेली आहे. गाडीची चाकं मी मोजली, ती गाडीला लागलेली. सातवं चाक माझ्या भाषणाच्या वेळी माझ्या पायाशी होतं, जुन्या रिंगेसकट.

हे मला कळलं ऑगस्टमध्ये, रोवणी आटोपल्यावर, तेही आईकडून. ती फोनवर आधी जेवलास का, छत्री आहे का, असं बरंच विचारत राहिली.

मग म्हणाली, "एक सांगतो, पण बापाले नोको म्हणजो मी सांगतलं म्हणून. रोवणीत गाडी अड्याळजवळ पंक्चर झाली. स्टेपनीत हवा कमी होती. चाचायकडे भरून राहिले होते, बाया तिथंच सावलीत चाकाजवळ बसल्या होत्या. तुह्या बापाले काय सुचलं, बायायले हसवाले उठला न् हात पसरून तुही नक्कल केली. थे सुरक्षित का का म्हणते ना, थेच. बाया हसत हसत उठून मांगं सरल्या. चाचा बी सरले. तेवढ्यात रिंग उडाली."

"कुणाला लागलं का?" मी विचारलं.

"टिनाचं छप्पर फाडून गेली," आई म्हणाली. "कोनाले लागलं नाई. तुहा बाप दोन दिवस जेवला नाई नीट. थे चाक तिथंच सोडून आला. आता पुढच्या जयंतीले झेंडा कशात उभा कराचा, एवढंच तुले विचार म्हणते थो."