डावा पांढरा, उजवा पिवळा

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचं काही घ्याल की नाही याची मला शंका आहे. या हातांनी मी काय करून ठेवलं ते सांगते, आणि मध्ये कोणी हसायचं असेल तर हसा, माझी हरकत नाही. मला मात्र अजून पूर्ण हसता येत नाही.

आमची गाडी तुम्ही पाहिलीच आहे. जुनी, पांढरी, माझ्या सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते रेल्वेत गार्ड होते, म्हणजे अख्खी नोकरी आगगाडीच्या शेवटच्या डब्यात, हातात लाल-हिरवी झेंडी आणि बत्ती. रिटायर झाल्यावर ती गाडी तेच चालवायचे. दोन-तीन वर्षांपूर्वी घरात गाडी घेताना त्यांनी ती गेटच्या खांबाला घासली आणि डावा कॉर्नर लाईट फुटला. म्हणाले, "ऊन डोळ्यावर आलं." त्याच दिवशी किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही. ऊन पाठीमागून होतं हो. पण तेव्हा कोणाच्या लक्षात येतंय?

मेकॅनिककडे पिवळा लाईट नव्हता, त्यानं पांढऱ्या काचेचा ठोकून दिला. "बाद में बदल देंगे दीदी." त्याचं ते 'बाद में' कधी आलंच नाही. तेव्हापासून आमची गाडी डावीकडून पांढरी आणि उजवीकडून पिवळी. मी रोज तेलीबांध्यावरून नवा रायपूरला ऑफिसला जाते, तिथल्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या चकाचक. एकानं विचारलंही, "मॅडम, गाडी को एक आँख में पीलिया है क्या?" गाडीला कावीळ! मी हसले, पण लागलं.

आणि दुसरं म्हणजे मामाजी. मला वाटायचं, तो विजोड लाईट रोज समोर बघून त्यांना स्वतःची चूक आठवत असेल. म्हणून ठरवलं, गुपचूप बदलायचा. मेकॅनिककडे न जाता, घरी, स्वतः. का? कारण मोबाईलवर एका माणसानं पाच मिनिटांत बदलून दाखवला होता. आणि मला कोणी 'तुला जमणार नाही' म्हणायच्या आधीच ते करून मोकळं व्हायची खोड आहे.

दोन्ही बाजूंची नवी जोडी मागवली. स्वच्छ पांढरी काच, हिऱ्यासारखी. रविवारी सुधीर, म्हणजे आमचे हे, मामाजींना घेऊन रेल्वेनं दुर्गला एका साखरपुड्याला गेला आणि मी बोनेट उघडलं.

त्या पाच मिनिटांच्या माणसाबद्दल मी काही बोलत नाही. माझी दुपार गेली. एक क्लिप तुटली, दोन नखं तुटली. लाईटच्या मागे एक स्प्रिंग असते, ती सुटून तुळशीत गेली. एक स्क्रू इंजिनात पडला तो सापडलाच नाही, आणि शेवटी सगळं बसवून झाल्यावर एक स्क्रू हातात उरला. एक हरवला, एक उरला, म्हणजे हिशेब बरोबर, असं मी धरलं. दिवे लागले. दोन्ही पांढरे, एकसारखे. स्वतःची पाठ हात पोचेल तिथपर्यंत थोपटली. सोमवारी सकाळी गल्लीत भंगारवाला कबाडी आला, त्याला जुने दोन्ही देऊन टाकले.

घरात कोणाला काही सांगितलं नाही. मामाजींनी स्वतः पाहावं आणि खूश व्हावं, एवढीच इच्छा होती.

आता आमच्या गेटचं सांगायला हवं. लोखंडी, जड, आतून कडी. गल्ली एवढी अरुंद की गाडी दोन मिनिटं उभी राहिली तर मागे स्कूटरवाले हॉर्नची आरती सुरू करतात. पण मला कधी थांबावंच लागत नसे. संध्याकाळी मामाजी गेटपाशी खुर्ची टाकून बसलेले, खांद्यावर लाल गमछा. गाडी गल्लीत वळली की उठायचे, आणि मी पोचेपर्यंत दोन्ही पल्ले उघडे. मी काचेआडून हात हलवायची आणि सरळ आत. रेल्वेचा माणूस, वेळेचा पक्का, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

आणखी एक. मामाजी रागावले की घरच्यांशी हिंदीत बोलतात, तेही 'आप' लावून. भाजीत मीठ जास्त झालं तर, "बहूजी, आज समंदर परोसा है क्या?" हिंदी सुरू झाली की आम्ही सगळे ताटात बघतो.

तर सोमवारी संध्याकाळी मी गल्लीत वळले. दिवे रोजच्यासारखे लावलेले. मामाजी खुर्चीतच. मी गेटसमोर येऊन थांबले. मामाजी खुर्चीतच. मी हॉर्न दिला. ते उठले, एक पल्ला माणसापुरता उघडून बाहेर आले, बोनेटवर हात टेकला आणि म्हणाले, "भाईसाहब, आगे बढ़ाइए. हमारी बहू की गाड़ी आने वाली है."

काच वर, एसी चालू, तरी ऐकू आलं. हिंदी. म्हणजे राग. न विचारता त्यांच्या गाडीला हात लावला म्हणून हा टोमणा. आणि 'भाईसाहब' म्हणजे तर कळसच.

माझंही डोकं फिरलं. अख्खी दुपार, दोन नखं, आणि हे बक्षीस? मी पुन्हा हॉर्न दिला, चांगला लांब. त्यांनी काय करावं? खांद्यावरचा लाल गमछा काढला आणि दोन्ही हातांनी झेंडीसारखा आडवा धरला. मागे स्कूटरवाले सुरू झाले. मी दात-ओठ खात गाडी पुढे काढली, गल्लीच्या टोकाला मंदिरापाशी लावली, आणि मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या दारानं घरात शिरले. पर्स गाडीत राहिली, मोबाईल पर्समध्ये. रागात कोणाला सुचतंय?

बाहेर जाऊन बोलायचं नाही असं ठरवलं. बसू द्या त्यांना फुगून. राग आला की मला भूक लागते. मी कुकर लावला, कांद्याची भजी तळायला घेतली. तळली आणि अर्धी उभ्या उभ्या एकटीनं खाल्ली. चांगली झाली होती, हे मला आज सांगायला लाज वाटते.

कारण त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं ते ऐका. मामाजी माझी वाट पाहत होते. अंधार पडला तरी सून आली नाही. कुकरची शिट्टी त्यांना शेजारच्या साहू भैयांकडची वाटली, भिंत एकच आहे ना. त्यांनी सुधीरला फोन लावला. सुधीर सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये दुसऱ्या पाळीला. त्यानं मला फोन लावला, मंदिरासमोर गाडीतला फोन वाजत राहिला. मग तो पाळी सोडून मित्राची मोटरसायकल घेऊन निघाला. साहू भैया स्कूटरवर तेलीबांध्याच्या तळ्याकडे मला शोधायला गेले. दोन घरं पलीकडच्या बाईंनी तर देवाजवळ दिवा लावला म्हणे.

मी तोवर जरा निवळले होते. भजी पोटात गेली की माणूस मऊ होतो. म्हटलं, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे, आपणच नमतं घ्यावं. उरलेली भजी ताटलीत घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर आले.

गेटपाशी अर्धी गल्ली उभी. मध्ये सुधीर, हेल्मेट हातात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ताटलीकडे.

"तू घरात हायेस?" सुधीर म्हणाला.

"मग कुठं राहीन? तुझ्या बाबांनी गेटातून हाकलून लावलं मले."

"मी?" मामाजी म्हणाले. "तुले? अवं बेटा, सांजेपासून इथंच बसून राहिलो मी. गाडी आलीच नाई आपली."

"आली होती मामाजी. तुम्ही लाल गमछा दाखवला."

"ते कोणा भाईसाहबाची गाडी होती. दोन्ही दिवे पांढरे. आपला डावा पांढरा, उजवा पिवळा."

"ते मी बदलले काल. पण मामाजी, गाडीत मी बसली होती न. तुम्ही बोनेटवर हात टेकून समोर उभे होते."

मामाजी हातातला गमछा चाचपत राहिले. साहू भैया तेवढ्यात परतले होते. "हव भाभी, मैं तो तालाब का पूरा चक्कर लगा आया," ते म्हणाले. तळ्यातच का शोधलं, हे विचारायची ती वेळ नव्हती.

सुधीर हळूच म्हणाला, "बाबा, मी कोणत्या रंगाचा शर्ट घालून हावो?"

मामाजींनी मान त्याच्याकडे वळवली. म्हणाले, "निळा. ड्युटीचा."

शर्ट राखाडी होता. प्लांटचा ड्रेस बदलून वर्ष झालं होतं.

मामाजींनी गमछा खांद्यावर टाकला आणि आत गेले. जाताना त्यांचा एक हात भिंतीवरून सरकत होता. ते नेहमीच तसे चालत असणार. मी पहिल्यांदा पाहिलं.

आतल्या खोलीत त्यांनी सगळं सांगितलं. माणसं त्यांना सावलीसारखी दिसत होती, दिवे तेवढे कळायचे. मागे सुधीर डोळे तपासायला घेऊन गेला होता, तेव्हा आधीच्या पेशंटनं बोर्डावरची अक्षरं वाचली ती ऐकून यांनी तशीच्या तशी म्हणून दाखवली.

"पण सांगितलं काहून नाई मामाजी?"

"सांगितलं असतं तं तुम्ही मले बसवून ठेवलं असतं," ते म्हणाले. "मग गेट कोणी उघडलं असतं? तेवढीच तं ड्युटी उरली होती मले."

मला रडू आलं. मामाजींनी माझ्या हातातली ताटली चाचपून एक भजं घेतलं. "थंड झाले," म्हणाले. मराठीत म्हणाले, हे आणखी वाईट. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल, दुसऱ्याला उशीर झाला म्हणाले. त्या विजोड दिव्याची मला रोज लाज वाटत होती, आणि तोच त्यांचा आधार होता. रोज त्यांच्यासमोरून गाडी आत नेली मी, रोज हात हलवला. त्यांनी एकदाही हात हलवला नाही, हे मला कधी खटकलंच नव्हतं. त्याचं काय करू, सांगा.

मामाजींनी खुर्ची व्हरांड्यात ओढून घेतली. गेटकडे पाठ. संध्याकाळी मी उतरून गेट उघडायची आणि मागे हॉर्नची आरती चालू. सुधीर म्हणाला, ऑपरेशन होऊ दे, मग बघू. पण ते घरात असे बसलेले मला बघवेना.

जुने लाईट कबाड्याकडून कधीच गेलेले. मी पुन्हा जोडी मागवली, या वेळी पिवळी. त्यातला एकच बसवायचा होता. मेकॅनिककडे जायला हवं होतं, कबूल. पण चूक माझ्या हातची होती, ती माझ्याच हातानं सुधारावी असं वाटलं. गाडीसमोर उकिडवी बसले, बसवला, दिवे लावून पाहिले. एक पांढरा, एक पिवळा. या वेळी एकही स्क्रू उरला नाही.

"मामाजी, आज खुर्ची बाहेर टाका," मी सकाळी म्हटलं. "एकच दिवस. माझ्यासाठी."

त्यांनी कप खाली ठेवला आणि आत गेले. पण संध्याकाळी गल्लीत वळले तर खुर्ची गेटपाशी, खांद्यावर गमछा. मी गाडी हळू केली. मामाजी उठले. पल्ल्याला हात लावला. थांबले. आणि परत खुर्चीत बसले.

मी गेटपर्यंत आले, काच खाली केली. "मामाजी, मी आहे."

"आवाज तं आमच्या सूनबाईचा वाटते," ते म्हणाले. "पण दिवे उलटे हाय. डावा पिवळा, उजवा पांढरा. असल्या सिग्नलवर मी गेट देत नसतो."

मी उतरून पुढे जाऊन पाहिलं. खरंच होतं. समोर बसून लावला ना मी, माझा उजवा तो गाडीचा डावा. मुलाच्या शर्टाचा रंग न दिसणाऱ्या माणसाला माझी चूक गल्लीच्या टोकापासून दिसली होती.

मागे साहू भैयांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. मामाजींनी गमछा काढला, झेंडीसारखा धरला, आणि हसू ओठांत दाबून मला म्हणाले, "भाईसाहब, आगे बढ़ाइए."

मी गाडी मंदिरापर्यंत नेली, तिथे लावली आणि मागच्या बोळातून घरात आले. पर्स मात्र या वेळी आठवणीनं सोबत घेतली.