गुळवेलीचा दोरा

चामराजपेटेत बसथांब्यामागे गोणपाट अंथरून ती गुळवेल विकायची. नव्वदच्या दशकात मी बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत गुळवेलीतलं तापावर गुणकारी द्रव्य वेगळं काढायच्या खटपटीत होतो, म्हणून दर सोमवारी तिच्याकडे जायचो. वेल देण्याआधी ती एक तुकडा मोडून चावायची, कडूपणानं तोंड वाकडं करायची आणि खुशीत मान हलवायची. मग जुड्या बांधायची, काही पांढऱ्या दोऱ्यानं, काही काथ्यानं.

प्रयोगशाळेत आलो की मी ते बंध कापून फेकायचो आणि सगळी वेल एकत्र वाळत घालायचो. तीन महिने दर खेपेचे आकडे वेगळेच येत राहिले. माझे मार्गदर्शक सर माझ्यावर चिडले, मी तिच्यावर.

"अक्का, तुमच्या मालात भेसळ आहे."

ती रागावली नाही. आपल्या कानडी वळणाच्या मराठीत, धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाली, "सरी, बरं. दोरा कुठाय, तम्मा?"

"फेकला."

"पांढरा दोरा म्हणजे कडुलिंबावर चढलेली. काथ्या म्हणजे कुंपणावरची. ती कुणाच्या अंगावर वाढली तेच फेकलास, आणि तिच्या पोटात काय आहे ते शोधतोस?"

पुढे मी दोरे जपले, जुड्या वेगवेगळ्या वाळवल्या. आकडे जुळले. प्रबंध लिहिताना 'नमुने कुठून आणले' या रकान्यापाशी मात्र थांबलो. तीन वर्षांत तिचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

'स्थानिक बाजार' असं लिहून मोकळा झालो.