बाबांच्या हृदयाला पडलेला घट्टा

माझे वडील तुमसरच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते. पोती वाहून त्यांच्या मानेमागे घट्टा पडला होता. नव्या हमालाची मान आधी सोलते, मग तिथली कातडी जाड होते आणि पोतं टोचेनासं होतं. घट्टा पडेपर्यंत टोळीत त्याला कोणी हमाल म्हणतच नसे.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी बी.एस्सी.ला होतो. एक दिवस बाबांना कामावर भोवळ आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कार्डिओग्रामची पट्टी पाहिली आणि सांगितलं, हृदयाची भिंत जाड झाली आहे. रोज गोळी घ्यायची, ओझं बंद.

जाड म्हणजे काय, हे बाबांनी घरी येऊन मला विचारलं. तो धडा मी नुकताच हाती घेतला होता. हृदयाच्या पेशींना ताण कळतो, मी म्हणालो. दाब वाढला की त्या ताणल्या जातात आणि तो सोसता यावा म्हणून आपल्या आत नवे धागे घालून जाड होतात.

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे घट्टा पडला म्हन ना."

मी हो म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण ती उपमा मी वहीतही उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद, पोती पुन्हा सुरू. घट्ट्यावर औषध कोण लावतो? बाबांनी ही बातमी टोळीभर केली आणि तपासणीसाठी मला मिलमध्ये बोलावणं आलं. मी गेलो. तिघांच्या नाड्या पाहून दोघांना घट्टा असल्याचं सांगितलं. तिसरा इतका हिरमुसला की त्यालाही देऊन टाकला.

पंधरा दिवसांनी परीक्षा आली, म्हणून मी धडा पुढे वाचला. दाब तसाच राहिला, तर जाड भिंत ताठर होते, मग सैल पडते, शेवटी थकते. मी सायकल काढली.

बाबा पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होते. ते खाली येईपर्यंत मी सायकल धरून उभा होतो. अर्धाच धडा वाचला होता, एवढंच कबूल करायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"बाबा, नवीन पुस्तक आलं. जुन्यात चूक होती. तो घट्टा नाही, हृदय थकून राहिलं तुमचं."

त्यांनी घाम पुसला. टोळीत थकलेल्या हमालाला भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला बसवत. बाबांनी एकदा फळीकडे पाहिलं.

"त्या गोळीनं त्याले शिवणीवर बसवता येते काय?"

"येते. पण तुमालेबी बसा लागन."

त्या संध्याकाळी त्यांनी गोळी घेतली आणि सकाळी सुई-सुतळी. मला मात्र त्या तिघांकडे जावं लागलं. तिसरा भारीच चिडला. "देल्लेला घट्टा वापस काहून घेऊन राहिला गा?"

बाबांनी पुढे बारा वर्षं पोती शिवली. गोळी तोंडात टाकताना मला हटकून बजावत, "ते जुनं पुस्तक कोनाले वाचाले देऊ नको."

मी मान हलवत असे. पुस्तक एकच होतं, हे त्यांना कधी सांगितलं नाही.