साडूंनी रुळवलेलं पिस्तूल

वस्तू कारखान्यात तयार होते, हे आमच्या साडूंना मुळातच मान्य नाही. कारखान्यात तिचा नुसता जन्म होतो. तयार ती पुढे करावी लागते, आणि ते काम पृथ्वीतलावर फक्त आपल्यालाच येतं, असं त्यांचं ठाम मत आहे. उभी नोकरी इथल्याच एका मोठ्या कारखान्यात लोकांनी बनवलेले सुटे भाग नापास करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर नापास करायला आम्ही नातेवाईक उरलो. बरखेड्याच्या त्यांच्या घरात नवा कुकर आला की आठवडाभर त्यात नुसतं पाणी उकळतं आणि डाळ जुन्या पातेल्यात शिजते. नवे बूट आधी घरातल्या घरात, सोफ्यावर बसून घालायचे. नवी स्कूटर घेतली तेव्हा ती रुळवायला मिसरोदपर्यंत जाऊन येऊ म्हणून मला मागे बसवलं, आणि होशंगाबाद रोडवर अशी चालवली की भुशाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. वर ट्रॅक्टरवाला वळून हसला. आज घरी पोचायचं आहे ना, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर म्हणाले, "इंजिन नवीन आहे, साहेब. आत्ता त्याला पळवलं तर जन्मभर त्याचा भरोसा नाही."

अशा माणसाच्या घरात नवं पिस्तूल यावं, ही देवाने आम्हा सगळ्यांची केलेली थट्टाच. पिस्तूल त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं. पोर नेमबाजी करते, आणि चांगली करते. इतकी वर्षं अकादमीच्या जुन्या पिस्तुलावर सराव केला, परवाना हातात आल्यावर स्वतःचं घेतलं. दसरा झाला की राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. निवड झाली तर लांबच्या शिबिराला पुण्याला जायचं, आणि पुढे काय काय. परवान्यावर नाव तिचं, नेम तिचा. पण पिस्तूल रुळवण्याचा ठेका साडूंनी परस्पर घेऊन टाकला.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी त्याचे भाग सुटे करून वर्तमानपत्रावर मांडले. कारखान्यातून येताना जे चिकट ग्रीस लावलेलं असतं ते गंज थांबवायला, चालवायला नव्हे, म्हणून ते पुसायला मऊ कापड हवं. नव्या कापडाचे धागे सुटतात, म्हणून जुनं हवं. आणि जुनं मऊ कापड म्हणून त्यांना आठवला माझा मलमलचा कुडता, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. इथल्याच शिवाजी नगरात आमच्या घरी येऊन त्यांनी तो माझ्या बायकोकडून, म्हणजे आपल्या मेहुणीकडून, हक्काने नेला आणि त्याचे चौकोनी तुकडे केले. मला हे कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. बायको म्हणाली, तसाही तो तुम्हाला आता होत नव्हता. हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

मग रेंजवर रोजचा कार्यक्रम सुरू झाला. मुलगी नेम धरणार, आणि हे मागे डोळे मिटून नुसता आवाज ऐकणार. नव्या पिस्तुलाची स्प्रिंग ताठ, त्यामुळे सुरुवातीला झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता अडकायची. पोरीचा चेहरा उतरायचा आणि यांचा खुलायचा. एका बनावटीच्या गोळ्या त्याला पचायच्या, दुसऱ्या बनावटीच्या त्याच्या घशात अडकायच्या. तेही यांनीच शोधून काढलं. गोळ्या भरायच्या दोन मॅगझिनांपैकी लबाड कोणतं ते कळावं म्हणून एकावर मेहुणीबाईंचं, म्हणजे स्वतःच्या बायकोचं, नेलपॉलिश लावलं. तेल म्हणाल तर एक थेंब, त्याहून जास्त घातलं की धूळ आणि काजळी चिकटते. हे व्याख्यान त्यांनी आमच्याकडे भरल्या वांग्याच्या भाजीकडे बघत दिलं. माझी बायको त्यांच्याशी पुढे दोन सणवार बोलली नाही. होता होता पिस्तूल अडकायचं थांबलं. सगळं सुरळीत चालू झालं. प्रशिक्षकांनी मान डोलावली, पण साडूंचं आपलं एकच, अजून रुळायचंय.

दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. शस्त्रपूजेसाठी साडूंनी पाटावर पिस्तुलाचं रिकामं खोकं ठेवलं होतं. घरात खरं शस्त्र असताना मी काय पुठ्ठ्याला कुंकू लावू, असं मेहुणीबाई कडाडल्या. साडू अंघोळीला गेले तशी मुलीनेच ते रिकामं पिस्तूल आणून पाटावर ठेवलं. तिचं शस्त्र, तिला हौस. मेहुणीबाईंनी सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. साडू पंचा गुंडाळून बाहेर आले, त्यांनी पाटाकडे पाहिलं, आणि पिस्तूल उचलून वर्तमानपत्रावर बसले. तांदळाचा एक दाणा सरकत्या भागात शिरला होता. तो काढला, मग दात घासायच्या ब्रशने कुंकू झाडत बसले. पुरणपोळ्या गार झाल्या. सोनं द्यायला आलेले शेजारी दारात उभे राहून गेले. यजमान पानावर बसल्याशिवाय आम्हाला वाढेनात आणि यजमान उठेनात. सणासुदीला साडूच्या घरी उपाशी ठेवलेला माणूस काय काय बोलू शकतो, ते सगळं मी मनात बोलून घेतलं.

दुपार कलल्यावर त्यांनी मान वर केली आणि निकाल दिला. आता हे पुन्हा पहिल्यापासून रुळवावं लागेल. चाचणीला अकादमीचं जुनंच न्यायचं. जुन्यावर तिचे गुण कमी येतात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलगी समोर येऊन बसली. तिचा आवाज मी चढलेला कधी ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. "बाबा, पिस्तूल एकदम ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला मी जायला नकोय. हो ना?"

साडूंचा ब्रश थांबला. त्यांनी सगळे भाग जोडले, एक थेंब तेल घातलं, पुसलं, आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. मग आम्ही जेवलो. पुरणपोळी मला तरीही गोड लागली नाही, पण तेव्हा रागाने नाही.

चाचणीत पिस्तूल एकदाही अडकलं नाही. पोर निवडली गेली आणि पुण्याला गेली. त्या रविवारी मी त्यांच्याकडे असताना तिचा फोन आला. साडू फोन कानाला घट्ट धरून उभे होते. पुंगळी नीट पडते का, स्प्रिंग कशी आहे, मॅगझिन कुठलं वापरतेस, असं एकेक विचारत होते आणि पलीकडून सगळं छान असल्याचं येत होतं.

"एकदाही अडकलं नाही?" त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, हळूच, "नीट आठव."

फोन ठेवून ते वर्तमानपत्राची घडी घालत बसले. तो पेपर वाचून झालेला होता आणि घडीही आधीच घातलेली होती. मला त्यांच्यावर रागवायची इतक्या वर्षांची सवय, पण काही केल्या राग येईना. मी म्हणालो, आमच्याकडे नवा मिक्सर आलाय, आवाज काही मला बरोबर वाटत नाही, उद्या जरा येऊन बघता का? ते लगेच म्हणाले, येतो, तोवर कोणी हात लावू नका.

आमच्याकडे मिक्सर आलेला नव्हता. परत जाताना तो मी वाटेत विकत घेतला.