पाहुण्यांसमोर हात खाली

नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातल्या त्या फ्लॅटमध्ये बेल वाजली की भिंतीवरचा दिवा लुकलुकायचा. सुचित्राबाईंना ऐकू येत नव्हतं, म्हणून मुलानं, रुचिरनं, ती सोय केली होती. आज दिवा लुकलुकला तसे त्यांनी हात पदराखाली घेतले.

चार वर्षांच्या संहिताला बघायला इथल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेची शिक्षिका आली होती. नातही आजीसारखीच बहिरी. रुचिरनं खुणांनी दहादा समजावलं होतं, "आई, हिच्या खुणा दिसल्या तर खुणांच्या वर्गात घेतील. नाही दिसल्या तर नुसत्या बोलायच्या वर्गात."

सुचित्राबाईंनी मान डोलावली होती. विश्वास मात्र काडीचा नव्हता. पुण्यातल्या त्यांच्या शाळेच्या मोठ्या बाई अमेरिकेतून शिकून आल्या होत्या. तिकडे म्हणे खुणा करणाऱ्या मुलांचे हात बांधत. पुण्यात खुणा केल्या की बोटांवर पट्टी बसायची. हातांवर बसायचं आणि 'प' म्हणत तोंडापुढचा कागद फुंकरीनं हलवायचा. आठ वर्षांत एक वाक्य धड बोलता आलं नाही, भीती तेवढी अस्खलित आली. तेव्हापासून परक्या माणसासमोर त्यांनी बोटही हलवलं नव्हतं.

मग या शहाण्या आजीनं काय करावं? आठवडाभर, रुचिर आणि सून वैदेही कामावर गेले की, नातीला पढवलं: बाहेरचं कोणी आलं की हात मांडीखाली. नाहीतर मारतील.

शिक्षिकेनं जमिनीवर बसकण मारली आणि मांजराचं चित्र पुढे धरलं. संहिता ढिम्म. कुत्रा, बस, सफरचंद. हात मांडीखालीच.

"अगं, घरात तर हिचे हात थांबत नाहीत!" रुचिर वैदेहीला म्हणाला. शिक्षिका हसली आणि कागदावर काहीतरी लिहू लागली. रुचिरचा चेहरा पडला.

चेहरे वाचण्यात सुचित्राबाईंचा जन्म गेला होता. पोरीचे हात आपणच बांधले!

त्यांनी आपले हात वर केले. परक्या बाईसमोर, त्या शाळेनंतर पहिल्यांदा. "सांग बाळा," त्यांनी खुणेनं म्हटलं. "सांग, मांजर."

संहिता पांढरीफटक पडली. तिनं झेप घेऊन आजीचे दोन्ही हात धरले आणि मांडीखाली कोंबले. मग घाईघाईनं स्वतःच्या हातांनी म्हणाली, "नको आजी. मारतील."

शिक्षिकेचं पेन थांबलं. तिनं रुचिरला विचारलं, ही शेवटची खूण कशाची?

रुचिरला ती ठाऊक होती. तो आईकडे बघत राहिला.